प्लास्टरचं पाणी कुठे जातं?

बाथरूमच्या जुन्या टाइल्स काढून भिंतींना नवं प्लास्टर झालं, की बहुतेक घरांत आधी खिडकी सताड उघडली जाते, एक्झॉस्ट चालू होतो आणि जमलंच तर दारात टेबलफॅन येऊन बसतो. लवकर सुकलं म्हणजे परवा टाइल्स लावता येतील, हा हिशेब. ‘दोन दिवसांत नवं बाथरूम’ छापाच्या व्हिडिओंनी ही घाई आणखी वाढवली आहे. पण सिमेंटचं प्लास्टर सुकून कडक होत नाही. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक अभिक्रिया होते आणि त्यातून ते कडक होतं. अभिक्रिया चालू असतानाच पाणी निघून गेलं, तर ती अर्ध्यावर थांबते आणि वाळूचे कण धरून ठेवणारं पुरेसं काही तयार होत नाही. वर्षभरात टाइल्स पोकळ वाजू लागतात, त्याचं मूळ अनेकदा त्या पंख्यात असतं.

सिमेंटमध्ये सर्वांत मोठा वाटा दोन कॅल्शियम सिलिकेटांचा असतो. त्यातलं एलाइट पाण्याशी झटपट अभिक्रिया करतं, बेलाइट सावकाश. दोन्हींतून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं. नॅनोमीटरच्या मापातला, अतिशय बारीक छिद्रांचा हा चिकट पदार्थच प्लास्टरची खरी ताकद. सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला चुनाच, बाहेर पडतो. त्यामुळे ओल्या मसाल्याचा सामू (pH) साडेबाराच्या वर जातो आणि उघड्या हाताने काम केलं की कातडी सोलवटते. रबरी हातमोजे घातल्याशिवाय घमेल्याला हात लावू नका. एलाइट झटपट म्हटलं तरी त्याचा सुमारे ७० टक्के भाग संपायला २८ दिवस लागतात. पहिल्या दिवशी बोटाने दाबून कडक लागलेली भिंत रसायनशास्त्राच्या दृष्टीने नुकती कुठे सुरू झालेली असते.

किती पाणी लागतं याचा हिशेब अमेरिकेतल्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनमध्ये टी. सी. पॉवर्स यांनी १९४०च्या दशकात मांडला. १०० ग्रॅम सिमेंट साधारण २३ ग्रॅम पाणी रासायनिकरीत्या बांधून घेतं. आणखी सुमारे १९ ग्रॅम पाणी तयार झालेल्या जेलच्या, म्हणजे त्या चिकट पदार्थाच्या, बारीक छिद्रांत अडकून पडतं आणि अभिक्रियेच्या कामाला येत नाही. म्हणजे १०० ग्रॅम सिमेंटला ४२ ग्रॅम पाणी मिळालं, तरच अभिक्रिया शेवटपर्यंत जाऊ शकते. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की प्लास्टरच्या आतल्या छिद्रांतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली उतरली, की अभिक्रिया जवळजवळ ठप्प होते. हात लावला तर भिंत गार आणि दमट लागेल, पण आत काम बंद पडलेलं असेल.

हे आकडे आता एका चौरस मीटर भिंतीला लावून पाहू. पंधरा मिमी जाडीचं, एकास चार प्रमाणाचं (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) प्लास्टर धरलं तर त्यात साधारण साडेपाच किलो सिमेंट येतं. पूर्ण अभिक्रियेसाठी त्याला सव्वादोन-अडीच लिटर पाणी हवं. मसाला हाताखाली नीट चालावा म्हणून आपण त्यात चारेक लिटर पाणी घातलेलं असतं. शिल्लक दीड लिटर, म्हणजे भरपूर वाटतं. पण त्या प्लास्टरच्या मागे चार इंची विटांची भिंत उभी आहे. एका चौरस मीटरमध्ये तिचं वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जातं. आपल्याकडच्या भाजलेल्या विटा वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत पाणी सहज पितात (साध्या प्रतीच्या विटेला मानकाने २० टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे). म्हणजे ती कोरडी भिंत पंचवीसेक लिटर पाणी पिऊ शकते आणि तिच्यासमोर आपण चार लिटर पाण्याचा पातळ थर थापतो. शिवाय दुसऱ्या बाजूने हवा ओढतेच आहे.

हे ओढणं केशाकर्षणाचं. छिद्र जितकं अरुंद, तितका ओढीचा दाब जास्त. ओल्या मसाल्यातल्या पोकळ्या विटेतल्या छिद्रांपेक्षा मोठ्या असतात, त्यामुळे सुरुवातीला पाणी मसाल्यातून विटेकडेच जातं. ही ओढ मुळात वाईट नाही. प्लास्टर भिंतीला धरून राहतं ते तिच्यामुळेच. विटेने पाणी ओढलं की विरघळलेलं कॅल्शियम, सल्फेट आणि सिमेंटचे सर्वांत बारीक कण त्या पाण्याबरोबर छिद्रांत शिरतात. तिथे त्यांचे स्फटिक वाढतात आणि प्लास्टरची मुळं विटेत रुततात. भिंत पूर्ण कोरडी असेल तर ओढ इतकी जबर असते, की वीट आणि प्लास्टरच्या सांध्यालगतच्या दोन-तीन मिमीतलं पाणी काही मिनिटांत जातं. तिथलं सिमेंट कच्चं राहतं आणि नखाने खरवडलं तर भुकटी निघते. उलट भिंत पाण्याने तुडुंब भरलेली असेल तर ओढ उरत नाही. मग सांध्यावर पाण्याचा पातळ पडदा राहतो, प्लास्टर सरकतं आणि कडक झाल्यावर सांधा सच्छिद्र व दुबळा निघतो. आपल्याला हवी ती मधली अवस्था: विटेचं पोट भरलेलं, पृष्ठभाग मात्र कोरडा.

म्हणून आदल्या संध्याकाळी अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन वेळा पाइपने भिंत भिजवायची, सकाळी एक हलकी फवारणी करायची आणि ओली चकाकी जाईपर्यंत थांबायचं. मग ओंजळभर पाणी भिंतीवर मारून पाहा. ते मारल्याक्षणी गडप झालं तर भिंत अजून पाणी मागते आहे. मिनिटभर ओघळत राहिलं तर एकतर भिंत जास्त भिजली आहे, नाहीतर तिच्यावर साबणाचा थर किंवा जुना रंग शिल्लक आहे. साबणाच्या थरावर सिमेंट धरत नाही. तो तारेच्या ब्रशने घासून धुवावाच लागतो.

सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची, भिंत असेल तर ही कृती करू नका. तो ब्लॉक सावकाश पण खूप वेळ पाणी पितो, फुगतो आणि सुकताना आकसून वरच्या प्लास्टरला भेगा पाडतो. त्याला हलकी फवारणी पुरते. मसालाही तिथे एकास सहाचा लावावा, कारण प्लास्टर मागच्या भिंतीपेक्षा बळकट झालं की आकसताना भिंतीचाच पापुद्रा घेऊन सुटतं.

टाइल्स काढल्यावर जुनं प्लास्टर सरसकट फोडायची गरज नसते. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून पाहा. पोकळ वाजेल तेवढं काढा, घट्ट असेल ते राहू द्या. विटांमधले सांधे दहा-बारा मिमी खोल खरवडून घ्या. पाइपसाठी झिरी, म्हणजे भिंतीतली खाच, काढताना साधा नियम असा, की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. चार इंची भिंतीत आडव्या झिरीला जेमतेम १७ मिमी मिळतात, म्हणून पाइप शक्यतो उभे न्यावेत. कॉलम, बीम आणि नव्या टॉवरमधल्या पूर्ण काँक्रीटच्या भिंती, ज्यांना मिवानच्या भिंती म्हणतात, त्यांत झिरी अजिबात काढू नका. आत सळया आहेत. पाइप बसले की टोकं बंद करून दाबाची चाचणी घ्या आणि मगच झिरी बुजवा.

काँक्रीट पाणी जवळजवळ ओढत नाही, त्यामुळे तिथे मुळं रुतत नाहीत. छिन्नीने दाट टाचे मारायचे, त्यावर पातळ सिमेंट-वाळूचा शिंतोडा मारून तो खडबडीतच कडक होऊ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टर चढवायचं. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे ३०० मिमी रुंद चिकनमेश (बारीक तारेची जाळी) दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी ठोकायची. ती विसरली की सरळ उभी भेग येणार.

पाच बाय सात फुटांच्या बाथरूमला दरवाजा वगळून सात फूट उंचीपर्यंत साधारण १४ चौरस मीटर प्लास्टर लागतं. सरासरी १५ मिमी जाडी धरली तर दीड गोणी सिमेंट आणि साडेसात घनफूट चाळलेली वाळू. वाळूची परीक्षा बाटलीत होते. निम्मी बाटली वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जाड असेल तर वाळू धुवा किंवा बदला. मसाला अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच कालवा. घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून तो मऊ केला, तर नुकते तयार झालेले बंध आपणच मोडतो. वॉटरप्रूफिंगचं द्रावण डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. जास्त घालून भिंत जास्त जलरोधक होत नाही.

ओळंबा लावून १५ मिमी जाडीचे ठिय्ये, म्हणजे जाडी दाखवणारे मसाल्याचे ठिपके, बसवा. मसाला थापीने भिंतीवर जोरात मारायचा, हळूच लिंपायचा नाही. आघाताने सांध्यातली हवा बाहेर पडते. एका वेळी १५ मिमीपेक्षा जाड थर स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. भिंत ओळंब्यात नसेल आणि जास्त जाडी हवी असेल तर पहिल्या थरावर आडव्यातिडव्या रेघा ओढा आणि दुसरा थर दुसऱ्या दिवशी द्या. पाटा खालून वर, डावी-उजवीकडे हलवत ओढा. वर टाइल्स येणार असल्यामुळे रंध्याने घोटून गुळगुळीत करू नका, निरू (चुन्याचा गुळगुळीत लेप) तर नाहीच. प्लास्टर लवकर आवळावं म्हणून ओल्या थरावर कोरडं सिमेंट भुरभुरवायची पद्धत सर्रास दिसते. त्याने वर सिमेंटने गच्च असा पापुद्रा तयार होतो, तो खालच्या थरापेक्षा जास्त आकसतो आणि जाळीसारख्या भेगा पडतात.

दुसऱ्या दिवसापासून दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारा. यालाच क्युरिंग म्हणतात. बाथरूमला एक नैसर्गिक फायदा आहे: खिडकी-दार बंद ठेवलं की आतली हवा दमट राहते आणि बाष्पीभवन मंदावतं. एक्झॉस्ट बंद. साध्या सिमेंटला सात दिवस पुरतात. पण गोणीवर पीपीसी लिहिलं असेल (दुकानात बहुधा तेच मिळतं) तर दहा दिवस द्या. त्यातली फ्लाय अॅश, म्हणजे सिमेंटमध्ये मिसळलेली कोळशाची राख, बाहेर पडलेल्या चुन्याशी सावकाश अभिक्रिया करते आणि त्यालाही पाणी लागतं.

भिंतीला ओल आली की ‘वास्तुदोष’ सांगणारे आणि बाथरूममध्ये मिठाची वाटी ठेवायला लावणारे सल्लागार भेटतात. वाटीतल्या मिठाला पाणी सुटतं, कारण सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की सोडियम क्लोराइड हवेतलं बाष्प शोषून स्वतःच विरघळतं. नकारात्मक ऊर्जेचा त्यात काहीही संबंध नाही. हेच मीठ न धुतलेल्या खाडीच्या वाळूतून प्लास्टरमध्ये गेलं, तर कोकणातल्या पावसाळ्यात कुठलीही गळती नसताना भिंत ओली होते आणि उन्हाळ्यात तिथेच लोणा (पांढरा खार) फुटतो. उपाय वाळू बदलण्यात आहे.

आणखी एक जोरात विकली जाणारी गोष्ट म्हणजे क्युरिंग न लागणारं जिप्सम प्लास्टर. हॉलच्या भिंतीला ते उत्तम. बाथरूममध्ये नको. जिप्सम लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम विरघळतं. शिवाय ओलाव्यात त्याचं सल्फेट टाइल अॅडहेसिव्हच्या सिमेंटमधल्या अॅल्युमिनेटशी अभिक्रिया करून एट्रिंगाइट बनवतं. हे स्फटिक जागा जास्त घेतात आणि टाइल आतून ढकलून काढतात.

क्युरिंग संपलं, की आता मात्र खिडकी उघडा आणि दोन-चार दिवस भिंतीतलं जादा पाणी निघून जाऊ द्या. मग प्रत्येक फूटभर अंतरावर ठोकून पाहा. पोकळ वाजलेला भाग खडूने आखा, भोवती कटरने चौकोन कापा आणि विटेपर्यंत काढा. कडा ब्रशने साफ करून ओल्या करा आणि त्याच प्रमाणाच्या मसाल्याने भरून पुन्हा आठवडाभर पाणी द्या. त्यानंतर शॉवरच्या बाजूला किमान सहा फूट उंचीपर्यंत आणि जमिनीच्या कोपऱ्यांत वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे द्या. मोरीचं तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवा आणि दोन दिवस खालच्या मजल्याच्या छतावर लक्ष ठेवा. छत कोरडं राहिलं तर अॅडहेसिव्हची गोणी उघडायला हरकत नाही.