जयपूर गुडघा

मांडीतून पाय कापावा लागलेल्या व्यक्तींसाठी तयार केलेला, अल्पखर्चाचा, प्लॅस्टिकचा बहुअक्षीय (एका स्थिर अक्षाऐवजी अनेक दुव्यांवर वाकणारा) कृत्रिम गुडघा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीसाठी २००८ च्या सुमारास त्याचा आराखडा केला. ‘स्टॅनफर्ड-जयपूर गुडघा’ असेही त्याला म्हणतात. त्याचे सुधारित रूप ‘रीमोशन’ या नावाने पुढे आले. ‘जयपूर फूट’ हे कृत्रिम पाऊल याहून सुमारे चाळीस वर्षे जुने आणि निराळे साधन आहे. नावातील साधर्म्यामुळे दोहोंची गल्लत होते.

जयपूर फूटचा उगम सर्वसाधारणपणे १९६८ च्या आसपासचा मानला जातो. तो जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात तयार झाला याविषयी दुमत नाही. श्रेय कोणाचे याविषयी मात्र आहे. अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाल्याने बाहेरच्या जगात त्यांचेच नाव रुजले. दुसऱ्या मतानुसार मूळ कल्पना व घडण कारागीर रामचंद्र शर्मा ऊर्फ ‘मास्टरजी’ यांची. सायकलचे पंक्चर काढताना रबर तापवून जोडण्याची कृती पाहून त्यांना साच्याची युक्ती सुचली, अशी कथा सांगतात. ती जशीच्या तशी घेण्याचे कारण नाही. सांध्याची हालचाल आणि रुग्णाची गरज वैद्यांनी सांगितली, रबर, लाकूड आणि साचा यांचा मेळ कारागिराने घातला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याआधीच्या पाश्चात्त्य पावलांचा घोटा ताठ असे व ती बुटातच वापरायची होती. त्यामुळे उकिडवे बसणे, अनवाणी चालणे किंवा चिखलात उतरणे जमत नसे. जयपूर फूटने ही अडचण दूर केली. त्याच्या मोफत वाटपाला संघटित रूप आले ते देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या वरील समितीमुळे.

गुडघ्याखाली पाय गेलेल्याला स्वतःचा गुडघा असतो. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन जयपूर फूटवर पुन्हा नाचू शकल्या, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे. मांडीतून पाय गेला की पाऊल कितीही चांगले असले तरी पुरत नाही.

रचना : साधा कृत्रिम गुडघा एकाक्षीय, म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा असतो. शरीराचा भार ज्या रेषेतून जमिनीकडे जातो ती रेषा अक्षाच्या पुढे राहिली, तर गुडघा ताठ राहतो. ती मागे सरकली की तो मुडपतो आणि माणूस पडतो. सपाट फरशीवर हे सांभाळता येते. शेताचा बांध, उतार, खडी यांवर भाररेषा क्षणोक्षणी हलते आणि मांडीचे स्नायू आवळून गुडघा मागे रेटत चालावे लागते. जयपूर गुडघ्यात एका अक्षाऐवजी चार दुवे चार ठिकाणी जोडलेले असतात. अशा जोडणीला स्थिर अक्ष नसतो. भ्रमणाचा तात्कालिक केंद्रबिंदू गुडघा वाकेल तसा जागा बदलतो. पाय सरळ असताना हा बिंदू प्रत्यक्ष सांध्याच्या बराच वर आणि भाररेषेच्या मागे असतो, म्हणून उभे राहताना आपोआप स्थैर्य येते. वाकू लागताच तो खाली व पुढे येतो, त्यामुळे पाय सहज सुटतो. शिवाय वाकताना गुडघ्याखालचा भाग किंचित आखूड झाल्यासारखा होतो आणि पायाचा अंगठा जमिनीला अडखळत नाही. ठेच हे पडण्याचे नेहमीचे कारण असल्याने हा लाभ दुय्यम समजू नये.

ही चौदुवी जोडणी विद्यार्थ्यांनी शोधली असे कधीकधी लिहिले जाते, ते बरोबर नाही. पाश्चात्त्य देशांत बहुअक्षीय गुडघे त्यापूर्वी कित्येक दशके वापरात होते; ते धातूचे व हजारो डॉलर किमतीचे होते. जोएल सॅडलर व त्यांच्या सहाध्यायांचे काम वैद्यकीय उपकरणांच्या आराखड्याच्या अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून सुरू झाले. त्यांचे योगदान भूमितीत नसून पदार्थात व घडणीत आहे. त्यांनी तेल मुरवलेले नायलॉन निवडले. ते स्वतःच वंगणाचे काम करते, त्यामुळे बेअरिंग लागत नाही आणि तेलपाणी करावे लागत नाही. सुरुवातीच्या रूपात प्लॅस्टिकचे अवघे पाच भाग व चार नट-बोल्ट होते आणि जयपूरच्या कार्यशाळेतील यंत्रांवर ते कापून घेता येत. खर्च सुमारे २० डॉलर येई. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ च्या पन्नास उत्तम शोधांत त्याची गणना केली ती मुख्यतः या आकड्यामुळे.

पुढील विकास : विद्यार्थ्यांचा प्रकल्प संपल्यावर साधनाचे पालकत्व कोणी घ्यायचे, हा अशा कामांतील नेहमीचा पेच. येथे ते सॅन फ्रान्सिस्को येथील डी-रेव्ह या ना-नफा संस्थेने घेतले. एकेक भाग यंत्रावर कापण्याऐवजी साच्यात ओतण्याची पद्धत आली, कडा गोलसर करून गुडघा कपड्यांखाली लपेल असा केला आणि चालताना होणारा खटखट आवाज कमी केला. या रूपाची किंमत सुमारे ८० डॉलर सांगितली गेली. २० आणि ८० हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून महागाईचा आरोप करणे योग्य नाही : पहिला कार्यशाळेतील प्रत्येक नगाचा खर्च आहे, दुसरी कारखान्यात बनणाऱ्या वस्तूची विक्रीची किंमत.

भारतात मद्रास आयआयटीच्या पुनर्वसन-साधन प्रयोगशाळेने २०२२ मध्ये ‘कदम’ हा चौदुवी गुडघा सादर केला. तो १६० अंशांपर्यंत वाकतो. त्याला देशातील पहिला स्वदेशी बहुअक्षीय गुडघा म्हटले जाते. जयपूर गुडघ्याचा आराखडा अमेरिकेत झाला हे धरले, तर हा दावा टिकतो. मात्र जयपूरच्या कार्यशाळेत कापलेल्या नायलॉनच्या गुडघ्यांना मग कोणत्या देशाचे म्हणायचे, हे ‘स्वदेशी’ या शब्दाच्या अर्थावर ठरेल.