वाचा-उपचार सहायक (बेळगाव सीमाभाग)

वाचा-उपचार सहायक : बोलण्यात, भाषेत किंवा ऐकण्यात अडचण असलेल्या मुलांकडून वाचा-उपचारतज्ज्ञाने ठरवून दिलेला सराव नियमितपणे करून घेणारी प्रशिक्षित व्यक्ती. निदान करणे, उपचाराची दिशा ठरवणे, घास गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला काय भरवावे हे सांगणे ही तज्ज्ञाची कामे. सहायकाने त्यांत पडायचे नसते. प्रत्यक्षात मात्र तज्ज्ञ महिन्यातून एखाददा भेटतो आणि सहायक आठवड्यातून दोन-तीनदा, त्यामुळे मूल खरे ओळखीचे असते ते सहायकाच्या.

या कामासाठी बारावीनंतर एक वर्षाची श्रवण, भाषा व वाचा या विषयांची पदविका आहे. ती चालवणाऱ्या संस्थांत म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था (स्थापना 1965) आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (1983) या दोन प्रमुख. अभ्यासक्रमाला मान्यता आणि उत्तीर्णांची नोंदणी 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे आली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले मूल कधी अंगणवाडी-शाळेतल्या आरोग्य तपासणीतून, तर कधी गावच्या पुनर्वसन कार्यकर्त्याच्या सांगण्यावरून उपचारापर्यंत येते. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील 21 प्रकारांत वाचा व भाषा दोष, श्रवणदोष, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता हे सगळे येतात. सहायकापुढे बसणारी मुले बहुधा यांपैकीच एका गटातली असतात.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. मूल ‘काकी’ला ‘ताती’ म्हणते, कारण जिभेचा मागचा भाग उचलण्याऐवजी टोकच वर जाते. सहायक त्याला आरशासमोर बसवतो, चमच्याच्या दांड्याने जिभेचे टोक हलकेच खाली दाबून धरतो आणि ‘क’ म्हणायला लावतो. नुसता ‘क’ जमला की ‘कप’, मग ‘माकड’, मग ‘नाक’ : आधी शब्दाच्या सुरुवातीला, पुढे मध्ये, शेवटी अखेरीस. वहीत नोंद होते, 10 पैकी 6. पुढच्या खेपेला 7 झाले तरी पुष्कळ. मेणबत्ती विझवणे, शिट्टी फुंकणे, फुगे उडवणे हे प्रकार मुलांना फार आवडतात आणि पालकांनाही काहीतरी ‘चालू’ असल्यासारखे वाटते. पण नुसते फुंकून उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. बोलणे बोलूनच सुधारते.

सीमाभागात या कामाला जी धार येते, ती दोन भाषांमुळे. कन्नड शब्द बहुधा स्वरान्त (स्वराने संपणारे) असतात, म्हणून घरी कन्नड ऐकणारे मूल ‘बस’ला ‘बस्सु’ आणि ‘कार’ला ‘कारु’ म्हणते. मराठीतले दंतमूलीय ‘च’ आणि तालव्य ‘च’ (‘चाक’ आणि ‘चिमणी’) वेगळे असतात. कन्नडमध्ये तसा भेद नसल्याने काही मुले ‘चाक’चे ‘च्याक’ करतात. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या मुली ‘मी आलो, मी जातो’ असे बोलतात. पुण्याच्या पुस्तकावरून तपासणाऱ्याला ती लिंगाची चूक वाटेल. ‘काय करालायस’ हेही तसेच. यांतले काहीच दोष नव्हे. कामाला इथल्या बोलीचा कान लागतो तो इथे : ‘ताती’ हा दोष, ‘बस्सु’ ही बोली. हा फरक न कळणाऱ्या सहायकाकडून चांगल्या बोलणाऱ्या मुलावरही उपचार होतात. खानापूरकडे कोकणी आणि शहरात उर्दूही कानावर असते, म्हणजे गुंता आणखी वाढतो.

‘मॅडम, घरात कन्नड बंद करूया काय?’ हा प्रश्न पालकांकडून हमखास येतो. उत्तर ‘नको’ असे आहे. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष होत नाही, आणि एक तोडल्याने तो बराही होत नाही. उलट आजीशी बोलायची भाषाच गेली तर मूल घरातच एकटे पडते. जिभेला वेखंड चोळणे, जिभेखालचा पडदा कापून घेणे, ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून वाट पाहणे या घरगुती समजुती दोन्ही भाषांत सारख्याच भेटतात. वेखंडापेक्षा वाट पाहण्याने नुकसान जास्त होते, कारण ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली वर्षे त्यात निघून जातात.

श्रवणयंत्र असलेल्या मुलाचा तास यंत्रापासून सुरू होतो. सहायक तोंड झाकून आ, ई, ऊ, श, स, म हे सहा ध्वनी काढतो. मूल ऐकून हात वर करते किंवा तसेच म्हणून दाखवते. ‘स’ आणि ‘श’ चुकले की आधी यंत्र तपासायचे, मग मूल. बटनसेलवरचा रंगीत कागद काढला की हवा आत शिरते आणि सेल खर्च होऊ लागतो, म्हणून कागद आधीच काढून ठेवू नये, हे पालकांना पुन:पुन्हा सांगावे लागते. खानापूरच्या पावसात यंत्राच्या नळीत दमट हवेचे थेंब साचतात आणि आवाज अडतो. रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवायची सवय तिथे औषधाइतकी महत्त्वाची.

न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांचा फलक असतो : पाणी, भाकरी, शी-शू, आई, नको. पहिल्या भेटीत ‘बोलतो का?’ असे विचारले तर आई ‘नाही’ म्हणून मोकळी होते. म्हणून विचारायचे, ‘पाणी पाहिजे असलं की काय करतो?’ मग कळते की तो माठाकडे बोट दाखवून ‘नी’ म्हणतो. हा ‘नी’ पाणीतला की कन्नड नीरुतला, हे घरच्यांनाही ठाऊक नसते. वहीत मात्र तो पहिला शब्द म्हणून लिहिला जातो. भाषेचा रकाना रिकामा.