बिडाच्या कीलला गंज लागतो तो रंगाखालून

बिडाचा तवा घासून ओलाच ठेवला, तर सकाळी त्यावर तांबूस पूट दिसतं. शिडाच्या बोटींची कील पुष्कळदा ह्याच बिडाची असते. कील म्हणजे बोटीच्या तळाला बोल्टांनी जोडलेलं जड पातं. वाऱ्याने बोट कलली की तेच तिला सावरतं. शिसं अधिक जड (घनता ११.३, बिडाची साधारण ७.२) आणि त्याला गंजाची कटकटही नाही, पण महाग. बीड घेतलं की गंजाशी संसार आलाच.

रंग निवडण्यात फारसं कुणी चुकत नाही. चूक होते ती रंगाआधी. खरा चोर म्हणजे गंजाच्या खड्ड्यात दडलेलं मीठ. वरून कितीही भारी इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा, कडक होणारा रंग) लावा, हे मीठ थरातून पाणी ओढून घेतं. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात.

बोट वर काढली की गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी आणि कील हातोडीने ठोकत जावं. आवाज बद्द आला, तर तिथे पापुद्रा सुटलाय. खड्ड्यात काळं, चाकूने खरवडता येईल असं काही लागलं, तर ते ग्रॅफाइट. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो. लोखंड विरघळून जातं आणि पेन्सिलीतल्या शिशासारखा सांगाडा जागच्या जागी उरतो. खाऱ्या पाण्यात ह्या सांगाड्याचा नि शेजारच्या लोखंडाचा विद्युतघट बनतो, आणि झिजतं लोखंड. हा काळा सांगाडा निपटून काढायलाच हवा.

तारेचा ब्रश गंज चकाकवतो, काढत नाही. ग्रिट ब्लास्टिंग करावं, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून धातू साफ करावा, पण साध्या वाळूने नको. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते. धातू राखाडी झाला तरी रात्रभर थांबा. खड्ड्यांत ओलसर काळे ठिपके उमटले, तर मीठ आहे: पुन्हा धुवा, वाळवा, ब्लास्ट करा. त्यानंतर मात्र पहिला हात काही तासांतच, तांबूस छटा चढण्याआधी. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते) किमान ३ अंश जास्त हवं. टनभर बीड रात्रीचा गारवा धरून ठेवतं, त्यामुळे सकाळी त्यावर न दिसणारी ओल असते.

इपॉक्सीचा सुका थर एकूण सुमारे ३०० मायक्रॉन (०.३ मिलिमीटर) हवा. दोन्ही बाजू मिळून ५ चौरस मीटर धरले तर १.५ लिटर सुका रंग. डब्यात निम्मा घनभाग असेल तर ३ लिटर, नासाडीसकट ४. एका हातात हे होत नाही, ५-६ हात लागतात. धारदार कडांवरून रंग मागे सरतो, म्हणून कडा गोल करून तिथे ब्रशने एक हात जादा. पुट्टी पहिल्या हातानंतरच, नुसत्या बिडावर नाही. शेवाळ-शिंपले रोखणाऱ्या तांबेयुक्त रंगाचा बिडाला थेट स्पर्श होता कामा नये. तांबं बिडाला खातं.

कील आणि बोट ह्यांच्या सांध्यातून बोट वर काढल्यावरही कित्येक दिवस तांबूस पाणी झिरपत असेल, तर प्रश्न बोल्टांचा आहे. पुट्टीने तो झाकू नये. मे २०१४ मध्ये 'चीकी रफीकी' बोटीची कील अटलांटिकमध्ये सुटली आणि चौघांचा जीव गेला. तळ घासल्याच्या जुन्या घटना आणि नंतरची दुरुस्ती ह्यांनी सांधा कमकुवत झाला असावा, असं चौकशीत निघालं.

एक जागा हमखास सुटते: कीलचं बूड, कारण बोट ठोकळ्यांवर त्यावरच उभी असते. ठोकळे मधेच हलवून घ्यावेत. पाण्यात सोडताना क्रेनच्या पट्ट्यांत लटकत्या बोटीला घाईघाईने दिलेला एकच हात तिथे पुढच्या वर्षी गंजच दाखवतो.