टिकली मातीत फुटत नाही

दिवाळीत टिकल्या फोडल्या असतील तर रिव्हॉल्वरचं अर्धं फिजिक्स तुम्हाला आधीच येतं. फरशीवर टिकली ठेवून दगड हाणला की फट्ट, आणि तीच अंगणातल्या मऊ मातीवर ठेवली तर कितीही हाणा, ती आपली रुतून बसते. दगड तोच, हात तोच, खाली टेकू नाही एवढंच.

काडतुसाच्या बुडातला प्रायमर म्हणजे ही टिकलीच, धातूच्या इवल्याशा वाटीत भरलेली. मोठा पिस्तुली प्रायमर जेमतेम ५.३ मिमी रुंद. आत लेड स्टिफ्नेटसारखं चिडकं रसायन आणि त्याच्यापुढे चिमुकली ऐरण, हो, लोहाराचीच आयडिया. चाप ओढला की घोडा, म्हणजे मागची हातोडी, पडतो, टोकदार पिन वाटीत खड्डा पाडते, रसायन वाटी आणि ऐरणीत चिरडून पेटतं आणि ज्वाला पुढच्या दारूत शिरते.

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर म्हणजे दरवेळी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्वरसारखा. अमेरिकेत काउबॉय स्टाइलच्या स्पर्धा खेळणारे अंगठ्याला हलकं जावं म्हणून घोड्याची स्प्रिंग नरम करतात आणि मग गोळीऐवजी नुसतं 'क्लिक' ऐकू येतं. अशा वेळी पहिली स्प्रिंगच पुन्हा बसवायची, विषय संपला.

पण स्प्रिंग ओरिजिनल असूनही क्लिक येत असेल तर आणखी कडक स्प्रिंग टाकणं मला तरी आळशीपणा वाटतो, कारण बऱ्याचदा जोर कमी नसतोच, तो वाटेत गळतो. घोडा बाजूला फ्रेमला घासतो, आत जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं, किंवा सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, पुढेमागे हलतो आणि काडतूस ठोका खाऊन पुढे सरकतं. घरी काडतुसं भरणाऱ्यांची तर ठरलेली चूक म्हणजे प्रायमर खाचेत पूर्ण न बसवणं, मग पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो आणि दुसऱ्याला बार उडतो. बोट फिरवून बघायचं, प्रायमर बुडाच्या किंचित खालीच लागला पाहिजे.

जुन्या कोल्टमध्ये पिन घोड्यालाच असायची, त्यामुळे घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच गोळ्या भरायचे, नाहीतर बंदूक खाली पडली की बार. रुगर या अमेरिकन बंदूक कंपनीने १९७३ मध्ये घोडा आणि पिनच्या मध्ये एक पट्टी घातली, चाप ओढला तरच वर येणारी. सेफ्टी झकास, पण चाप शेवटपर्यंत दाबून न धरता झटकन सोडला तर पट्टी खाली घसरते आणि ठोका लंगडा पडतो.

क्लिक झाल्यावर लगेच उघडून बघायचं नाही हं, कधीकधी बार उशिरा उडतो, म्हणून नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं. मग प्रायमरवरचा खड्डा बघा. उथळ असेल तर बंदूक किंवा न बसलेला प्रायमर, आणि छान खोल असूनही पेटला नसेल तर बंदुकीला शिव्या देऊ नका, बहुधा आत तेल झिरपून टिकली सादळलीय.