रॅपिड अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपमेंट आलं कुठून?

रॅड, म्हणजे रॅपिड अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपमेंट, ही सॉफ्टवेअर पटकन बनवायची पद्धत. तिचा विषय निघाला की बरेच जण थेट व्हिज्युअल बेसिक या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग टूलपासून सुरू करतात, फॉर्मवर बटण ओढून टाकलं की झालं अ‍ॅप. पण मूळ त्याच्या बरंच आधीचं आहे. मोठ्या सिस्टीम बनवायची तेव्हाची पद्धत अशी, की आधी सगळ्या रिक्वायरमेंट्स लिहून त्यावर सह्या घ्यायच्या, मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग, आणि हे होईपर्यंत कधीकधी वर्षं निघून जायची आणि तोवर युजरचं कामच बदललेलं असायचं. खरंतर विन्स्टन रॉइस या सॉफ्टवेअर इंजिनिअरने १९७० च्या पेपरमध्येच सांगितलं होतं की हे असं एका फेरीत उरकायला जाणं धोक्याचं आहे, लोकांनी मात्र त्यातली पायऱ्यांची आकृती तेवढी उचलली.

१९७० च्या दशकाच्या शेवटी आयबीएममध्ये जॅड (जॉइंट अ‍ॅप्लिकेशन डिझाइन) सुरू झालं, म्हणजे युजर आणि डेव्हलपर एकत्र बसवून वर्कशॉपमध्येच डिझाइन ठरवायचं. पुढे ऐंशीच्या दशकात ड्यूपाँट या केमिकल कंपनीत टाइमबॉक्स वापरात आला: तारीख हलवायची नाही, वेळ कमी पडतोय तर फीचर्स कापा. मला विचाराल तर रॅडचा जीव या दोनच गोष्टींत आहे, टूल्स नंतरची.

हे सगळं एकत्र बांधलं जेम्स मार्टिनने, तोही आधी आयबीएममध्येच होता. १९९१ मध्ये त्याचं याच नावाचं पुस्तक आलं. त्यात चार टप्पे आहेत, प्लॅनिंग, युजर डिझाइन, कन्स्ट्रक्शन आणि कटओव्हर (म्हणजे जुन्यावरून नव्या सिस्टीमवर जाणं), पण खरी मजा मधल्या दोनांत, प्रोटोटाइप म्हणजे कच्चा नमुना दाखवा, युजरचं ऐका, बदला, परत दाखवा, आणि तोच प्रोटोटाइप वाढवत वाढवत शेवटी सिस्टीम तयार. त्यासाठी टीम छोटी आणि हाताशी केस टूल्स, म्हणजे डिझाइन आणि कोडिंगला मदत करणारी सॉफ्टवेअर.

त्याच वर्षी व्हिज्युअल बेसिक आलं, १९९५ ला तसंच दुसरं टूल डेल्फी, आणि रॅड म्हणजे टूल असंच समीकरण होऊन बसलं. टूल विकत घेतलं पण युजरला बोलावलंच नाही, असं झालं की स्क्रीन पटापट तयार व्हायच्या आणि कामाच्या निघायच्या नाहीत. हे मला फार खटकतं, कारण बदनाम झाली ती पद्धत.

याला शिस्त लावायला १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये कन्सॉर्शियम, म्हणजे एक संयुक्त गट, बनलं आणि त्यातून डीएसडीएम (डायनॅमिक सिस्टिम्स डेव्हलपमेंट मेथड) ही पद्धत आली, वेळ आणि खर्च पक्के, फीचर्स कमीजास्त. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटात १७ जणांनी अजाइल मॅनिफेस्टो, म्हणजे छोट्या फेऱ्यांत, बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवायचा जाहीरनामा, लिहिला, त्यात डीएसडीएमचाही एक माणूस होता.