अन स्गूर : दरीतून घडलेली डोंगरधार

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या एग बेटावर अन स्गूर नावाची काळीकभिन्न धार उभी आहे. उंची 393 मीटर, पूर्वेकडचा कडा जवळजवळ सरळसोट. बेटावरचं हे सर्वांत उंच ठिकाण, पण एके काळी नेमकी इथेच खोल दरी होती.

सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला, तेव्हा या भागात लाव्हाचे थरावर थर साचले. एगचं पठार त्याच लाव्हाच्या बेसॉल्ट खडकाचं. पुढे नद्यांनी ते कोरलं. मग सुमारे 5 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी त्यातली एक दरी ज्वालामुखीच्या तप्त पदार्थाने भरून गेली. निवताना त्याचा पिचस्टोन, म्हणजे काचेसारखा काळपट खडक, झाला आणि आकसताना त्याला स्तंभांसारख्या भेगा पडल्या. हा खडक बेसॉल्टपेक्षा चिवट निघाला. आजूबाजूचं पठार झिजत गेलं आणि दरीतला भराव तेवढा उंच उरला.

1865 मध्ये भूवैज्ञानिक आर्चिबाल्ड गीकी यांनी हे ओळखलं. कड्याच्या पायथ्याशी, पिचस्टोनच्या खाली, पाण्याने घासून गोल झालेले गोटे आणि अश्मीभूत लाकूड सापडतं. त्यावरून त्यांनी जुन्या नदीचं पात्र ताडलं. मला हा तर्क फार सुंदर वाटतो. सगळ्यांचं लक्ष कड्याकडे असताना त्यांनी त्याखालचा गाळ वाचला. 1906 मध्ये दुसरे भूवैज्ञानिक आल्फ्रेड हार्कर यांनी मात्र पिचस्टोन जमिनीखालीच थरांमध्ये घुसला, असं मांडलं. हार्कर साधे अभ्यासक नव्हते, त्यामुळे वाद गंभीर झाला. 1914 मध्ये भूवैज्ञानिक एडवर्ड बेली यांनी पुन्हा पाहणी करून गीकींच्या बाजूने कौल दिला. त्या गोट्यांमध्ये शेजारच्या रम बेटावरचे खडकही मिळतात. म्हणजे आज मध्ये समुद्र आहे तिथून तेव्हा नदी वाहत होती.

तरी गीकींच्या मताला एक दुरुस्ती झालीच. दरीत लाव्हा वाहत आला, असं ते मानत. 2013 च्या संशोधनानुसार तो लाव्हा नव्हता. स्फोटातून उसळलेली राख आणि वायूंचा तप्त लोंढा दरीत शिरला, आणि त्यातले काचकण इतके गरम होते की ते एकमेकांना चिकटून, वितळल्यासारखे वाहू लागले. अशा खडकाला इग्निम्ब्राइट म्हणतात. तसाच पिचस्टोन पश्चिमेला, खुल्या समुद्रातल्या ऑय-स्गेर या बुटक्या खडकावर आहे. तिथे आता दीपगृह उभं आहे.