घरच्या कार्याचा बेत ठरवताना: ऑर्डर देण्यापूर्वी कृपया एकदा वाचावे

डोहाळजेवण, बारसे, साठीशांत किंवा सत्यनारायणाची पूजा अशा निमित्ताने पंचवीस-तीस माणसे घरी जेवायला येणार असली, की यजमान आम्हाला पहिला प्रश्न विचारतात तो पदार्थ किती ठेवावेत हा. डोंबिवलीतल्या आमच्या पोळी-भाजी केंद्रात अशा ऑर्डरी घेताना आमच्या लक्षात आले आहे, की पदार्थ सात आहेत की नऊ यावर जेवण रखडणे अवलंबून नसते. पाने मांडली जात असताना कढईवर नेमके किती पदार्थ चढलेले असतात, यावर ते अवलंबून असते.

एक नमुना पाहू, कारण जवळजवळ हाच बेत आमच्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो. पुरी, बटाट्याची सुकी भाजी, छोले, बटाटेवडे, मसालेभात, कोशिंबीर, मठ्ठा आणि गरम जिलबी; माणसे ३०. माणशी ५ पुऱ्या धरल्या तर १५० पुऱ्या होतात. घरगुती कढईत एका वेळी तीन पुऱ्या सुटतात, आणि एकाने लाटायचे व दुसऱ्याने तळायचे असे दोन हात असले तरी एवढ्या पुऱ्यांना पाऊण तास लागतो. माणशी दोन याप्रमाणे ६० वडे झाले. सहा-सहा वड्यांचा घाणा काढायचा म्हटला तर दहा घाणे, आणि प्रत्येक घाण्याला चार-पाच मिनिटे, म्हणजे आणखी पाऊण तास. जिलबीला पसरट कढई, वेगळे तूप, शेजारी पाक आणि तिचाच कारागीर लागतो. हे सगळे दोन शेगड्यांच्या ओट्यावर, बाराच्या सुमारास, पाहुण्यांची लहान मुले पाणी मागायला आत-बाहेर करत असताना व्हायचे असते. परिणाम ठरलेला असतो: पहिल्या पंगतीला वडे मिळतात, दुसऱ्या पंगतीला ते गार होऊन मिळतात, आणि यजमानीणबाई शेवटी अडीच वाजता एकट्या जेवतात.

म्हणून आमच्या केंद्राचा नियम असा आहे, की ऐनवेळी तळायचा पदार्थ एकच ठेवावा. काही ग्राहकांना हा आमचा आळस वाटतो आणि ते तसे स्पष्ट बोलूनही दाखवतात. दुसरा गरम पदार्थ हवाच असेल तर वेगळी शेगडी, वेगळी कढई आणि आणखी एक माणूस आम्ही जरूर देतो, परंतु त्याचे पैसे वेगळे होतात, आणि शेगडी मांडायला गॅलरीत किंवा गच्चीवर जागा लागते. पुष्कळ सोसायट्यांत तिला परवानगी नसते, हे आधी विचारून घ्यावे.

वरचाच बेत आम्ही थोडा हलवून देतो. पुरी राहू द्यावी, कारण ती टम्म फुगलेली पानात पडली की जेवण रंगते. वड्याच्या जागी कोथिंबीर वडी किंवा अळूवडी घ्यावी. तिचे उंडे आम्ही आदल्या दिवशी उकडून ठेवतो आणि आयत्या वेळी कापून तव्यावर थोड्या तेलात परततो, त्यामुळे कढई पुरीसाठी मोकळी राहते. जिलबीच्या जागी श्रीखंड घेतले तर चुलीचा प्रश्नच उरत नाही. माणशी १०० ग्रॅम धरून ३० जणांना ३ किलो पुरते. मसालेभात जाड बुडाच्या पातेल्यात झाकून ठेवला तर तासभर चांगला गरम राहतो आणि तेवढ्या वेळात मुरतोही. त्याला माणशी ७० ग्रॅम, म्हणजे साधारण २ किलो तांदूळ लागतो. मठ्ठा माणशी एक पेला या हिशेबाने ६ लिटर करतो. उन्हाळ्यात ८ लिटर, कारण तो मागून घेतला जातो.

आता चवीचा समतोल. नमुन्यातल्या बेतात बटाटा भाजीत आहे, वड्यात आहे, आणि बहुतेक घरी तो मसालेभातातही पडतो. दाण्याच्या कुटाचेही असेच होते: भरली वांगी, काकडीची कोशिंबीर आणि खमंग चटणी या तिन्हींत कूट आले, की तीन पदार्थ असूनही जिभेला एकच चव लागते. त्यामुळे एक कोरडी भाजी, एक रसाची उसळ, एक काहीतरी कच्चे आणि एक आंबट एवढी जुळणी आम्ही पुरेशी मानतो. पानाची डावी बाजू, म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर, हल्ली 'असू द्या काहीतरी' म्हणून सोडून दिली जाते. खर्च तिच्यावर सर्वांत कमी होतो आणि तळलेल्या-गोड जेवणाला तोंडी लावायला तीच लागते, म्हणून ती आम्ही दरातच धरलेली असते. कृपया ती वगळून पैसे कमी करण्यास सांगू नये. एखादी भाजी कमी केल्यावर ताटाचा दर त्याच प्रमाणात का उतरत नाही, याचेही कारण तेच आहे. भाजीचे साहित्य वाचते, पण गाडी, गॅस आणि माणसांचा दिवस तेवढाच लागतो.

संख्या तीन दिवस आधी पक्की सांगावी, अशी आमची विनंती असते. मटकी रात्रभर भिजते आणि तिला मोड यायला आणखी एक दिवस जातो. ३० माणसांच्या उसळीला १ किलो कोरडी मटकी लागते. श्रीखंडाचे दही रात्रभर टांगल्याशिवाय चक्का होत नाही. सांगितलेल्या संख्येवर आम्ही दहा टक्के अधिक करतोच, त्यामुळे दोन-तीन पाहुणे वाढल्यास फोन करण्याची गरज नाही. मात्र सकाळी दहा वाजता आठ माणसे वाढली तर भात आणि मठ्ठा वाढवता येतो, श्रीखंड आणि उसळ नाही. चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगे न खाणारे किती जण आहेत, हे संख्येसोबतच कळवावे. त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी तर नाही ना, हे भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाहून घ्यावे, कारण ३० जणांचे जेवण सांगितल्यावर त्यांतल्या नऊ जणांना उपास निघाल्याचा प्रसंग आमच्यावर एकदा आलेला आहे.

'सकाळी नऊलाच सगळे आणून ठेवा, म्हणजे आम्ही मोकळे' असेही सांगितले जाते. शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये, मे महिन्यात तर त्याहूनही कमी; म्हणून पंगत साडेबाराची असेल तर भात आणि उसळ आम्ही पावणेबाराला पोहोचवतो, त्याआधी नाही. श्रीखंड आणि मठ्ठा लवकर देता येईल, पण तुमच्या फ्रिजमध्ये तेवढी जागा आदल्या रात्री करून ठेवावी.

बेत ठरत नसल्यास केंद्रावर सायंकाळी पाच ते सात या वेळेत यावे. श्रीखंड आणि उसळ यांची चव तेथे पाहता येते, आणि घरातल्या शेगड्या किती व ओटा केवढा एवढे सांगितले तर बेत आम्हीच कागदावर मांडून देतो. जेवण झाल्यावर आमची पातेली घासून देण्याची आवश्यकता नाही. झाकणे मात्र मोजून द्यावीत.